उन्हाळी शाळेतील एक अवघड विषय

‘उन्हाळी शाळा’ हा शब्द आपल्याकडे अद्याप पुरता रुळलेला नाही. आपल्या मुलांना उन्हाळा म्हणजे आजोळ, आंबे आणि दुपारचा पत्त्यांचा डाव एवढेच ठाऊक. त्या दिवसांत पुन्हा शाळा म्हटली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडावयाच्याच. युरोपातील विद्यापीठांत मात्र ही प्रथा चांगली जुनी आहे. जूनच्या सुमारास तेथील वर्ग संपतात, वसतिगृहे ओस पडतात, आणि शरद ऋतूत नवे सत्र सुरू होईपर्यंत त्या रिकाम्या खोल्यांत देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना दोन-तीन आठवड्यांसाठी बोलावून एखाद्या एकाच विषयाचा कसून अभ्यास करविला जातो. कोठे भाषा, कोठे संगीत, कोठे उत्खनन. ह्या अंकात ज्या शाळेची ओळख करून द्यावयाची आहे तिचा विषय ह्या सर्वांहून निराळा आहे. घरदार सोडून परक्या देशाच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे काय करावयाचे, हा तो विषय.

आमच्या वाचकांत अशी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत, ज्यांच्या घरी लाहोर, कराची, बारिसाल किंवा रंगून ही नावे नकाशावरची नसून आजोबांच्या बोलण्यातली आहेत. त्यांना हा विषय शिकवावा लागत नाही. तरी पण दुःख ठाऊक असणे आणि त्याविषयीचे नियम ठाऊक असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छावणीच्या फाटकापाशी माणसाचे भवितव्य दुसऱ्या गोष्टीवर ठरते.

ऑक्सफर्ड विद्यापीठात १९८२ साली निर्वासितांच्या अभ्यासाचा एक लहानसा उपक्रम सुरू झाला. बार्बरा हॅरेल-बाँड ह्या त्याच्या संस्थापक. जन्माने अमेरिकन, व्यवसायाने मानववंशशास्त्रज्ञ. त्याआधी त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन देशात विवाहसंस्थेचा अभ्यास केला होता, म्हणजे छावण्या आणि शिधापत्रे ह्यांच्याशी त्यांचा संबंध तसा उशिराच आला. युगांडात १९७९ मध्ये इदी अमीनची सत्ता कोसळली, आणि त्यानंतरच्या सूडसत्रात हजारो लोक सीमा ओलांडून सुदानच्या दक्षिण भागात शिरले. बाई तेथे गेल्या, राहिल्या, घरोघर फिरल्या. १९८६ मध्ये त्यांचे जे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच्या नावाचा भावार्थ ‘लादलेली मदत’ असा सांगता येईल.

त्या पुस्तकाने मदतकार्य करणाऱ्या संस्थांना चांगलेच अस्वस्थ केले. बाईंचे म्हणणे असे की, निर्वासित म्हणजे हात पसरून बसलेला असहाय जीव, ही समजूत मुळात मदत देणाऱ्यांच्या सोयीची आहे. छावणीबाहेर, स्थानिक शेतकऱ्यांच्या शेजारी, कोणाचीही मदत न घेता स्वतःच्या हिमतीवर राहिलेले कितीतरी निर्वासित त्यांनी पाहिले होते. त्यांची नोंद कोणाच्याच वहीत नव्हती. उलट जे छावणीत होते त्यांना काय हवे, हे त्यांना न विचारताच ठरविले जात होते. धान्य कोणते, भांडी किती, झोपड्यांची रांग कशी, हे सर्व वरून ठरून येई. पुढे २००५ मध्ये गुलिएल्मो व्हेर्दिरामे ह्या कायदेपंडितासमवेत त्यांनी केनिया व युगांडातील परिस्थितीवर दुसरा ग्रंथ लिहिला, त्यात तर संरक्षण देणाऱ्यांच्याच हातून होणाऱ्या हक्कभंगाचा त्यांनी सविस्तर पाढा वाचला. २०१८ मध्ये त्या वारल्या.

अशा स्वभावाच्या बाईने उभारलेल्या संस्थेतली उन्हाळी शाळा कशी असेल, ह्याची कल्पना करता येईल. अनेक वर्षे जुलै महिन्यात ती भरत आली. तेथे एकाच टेबलाभोवती शासकीय अधिकारी, संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि संशोधक बसत. स्वतः निर्वासितपण भोगलेली माणसेही त्यांत असत. सीमेवर माणसे अडविणारा आणि अडविलेल्यांचा वकील हे एरवी एकमेकांना न्यायालयातच भेटावयाचे. येथे ते दोन-तीन आठवडे एकत्र जेवत, आणि माझ्या मते शाळेचा अर्धा अभ्यासक्रम ह्या जेवणातच उरकत असावा. आता युरोप-अमेरिकेतील इतर अनेक विद्यापीठांनीही ह्याच धर्तीवर विद्यार्थ्यांसाठी अशा शाळा चालविल्या आहेत. कॅनडात टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातील अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे. इटलीतील सान रेमो येथील मानवतावादी कायद्याची संस्था तर १९७० पासूनची.

बहुधा अशा शाळेत पहिला धडा व्याख्येचा असतो. विद्यार्थ्यांना तो रुक्ष वाटतो, आणि दोन दिवसांनी कळते की सगळे मरण-जगणे त्या चार ओळींतच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर आणि रशियन क्रांतीनंतर लाखो माणसे देशोधडीला लागली. त्यांच्यापाशी कोणत्याच देशाचे कागदपत्र नव्हते. राष्ट्रसंघाने १९२१ साली नॉर्वेचे ध्रुवप्रदेश-संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन ह्यांना ह्या कामावर नेमले. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा लोकांसाठी एक ओळखपत्र काढले. त्याला ‘नान्सेन पारपत्र’ असेच नाव पडले. बर्फावरून चालत जाणाऱ्या माणसाला कागदाचे मोल एवढे अचूक कळावे, ह्याचे मला नेहमी नवल वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितांसाठी उच्चायुक्ताचे कार्यालय स्थापन केले. मुदत दिली तीन वर्षांची! तेवढ्यात काम संपेल असा हिशेब होता. हे कार्यालय आजही चालू आहे. २०२४ च्या अखेरीस जगात बळजबरीने विस्थापित झालेल्यांची त्याने दिलेली संख्या १२ कोटी ३२ लाख होती. त्यांपैकी ७ कोटी ३५ लाख माणसे आपल्याच देशाच्या हद्दीत उघड्यावर पडलेली होती.

२८ जुलै १९५१ रोजी जिनीव्हा येथे निर्वासितांविषयीचा करार संमत झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सभासदत्व किंवा राजकीय मत ह्या पाच कारणांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, आणि त्या भीतीमुळे जो आपल्या देशाबाहेर आहे, तो निर्वासित. शिवाय मूळ करारात १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांचीच अट होती. आणि ज्या देशाला वाटेल त्याने त्या घटना युरोपापुरत्याच धराव्यात, अशीही मुभा होती. म्हणजे आपली फाळणी, आपले कुरुक्षेत्र आणि उल्हासनगरचे तंबू ह्यांचा विचार त्या दालनात मध्यवर्ती नव्हता, हे उघड आहे. काळाची आणि स्थळाची ही कुंपणे १९६७ च्या जोडकराराने काढली. आफ्रिकी देशांनी १९६९ मध्ये स्वतंत्र करार करून परकीय आक्रमण व अंतर्गत अराजक ह्यांमुळे पळालेल्यांनाही आपल्या व्याख्येत घेतले. लॅटिन अमेरिकेने १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्यात तोच मार्ग धरला.

आता शिक्षक विद्यार्थ्यांपुढे प्रकरणे ठेवतो. एक प्रकरण पाकिस्तानातील दोन स्त्रियांचे आहे. नवऱ्याने व्यभिचाराचा खोटा आळ घेऊन घराबाहेर काढले. परत गेल्यास पुन्हा त्याच मारहाणीची आणि आरोप शाबीत धरला गेल्यास कठोर शिक्षेची भीती. त्यांनी इंग्लंडात आश्रय मागितला. प्रश्न असा की, पाचांपैकी कारण कोणते? वंश नव्हे, राजकीय मत नव्हे. मारणारा तर घरचाच माणूस, सरकार नव्हे. विद्यार्थी दोन तट करून भांडतात. १९९९ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे तेव्हाच्या उमराव सभेच्या न्यायाधीशांनी, निर्णय दिला की, ज्या देशात कायदा व पोलीस स्त्री म्हणून स्त्रीला संरक्षण देत नाहीत, तेथील स्त्रिया ह्या ‘विशिष्ट सामाजिक गट’ ठरू शकतात. नवऱ्याचा हात आणि सरकारची डोळेझाक मिळून छळ पूर्ण होतो. कॅनडाने ह्या दिशेची मार्गदर्शक तत्त्वे १९९३ सालीच काढली होती. घराच्या चार भिंतींआड घडणारी गोष्ट आंतरराष्ट्रीय कायद्यापर्यंत पोहोचावयास १९५१ पासून अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

दुसरे प्रकरण प्रशांत महासागरातील किरिबाटी बेटांचे. तेथील एका रहिवाशाने न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला. समुद्र वर चढत आहे, विहिरी खारट होत आहेत, मुलांना तेथे कसे वाढवू, असे त्याचे म्हणणे. न्यायालयांनी ते नाकारले, कारण समुद्र कोणाचा वंश वा मत पाहून छळ करीत नाही. २०१५ मध्ये त्याला परत पाठविण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही त्याच्या प्रकरणात हक्कभंग झाला नसल्याचेच मत दिले. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच मतात, हवामानबदलामुळे जीव धोक्यात येईल अशा ठिकाणी माणसाला परत धाडणे हा तत्त्वतः हक्कभंग होऊ शकेल, असेही नमूद केले. माणूस हरला, पण दार किलकिले झाले. अशा वेळी वर्गात शांतता पसरत असेल तर नवल नाही.

येथे भाषांतरकाराच्या खुर्चीतून थोडे विषयांतर करतो. ह्या मासिकासाठी इतर भाषांतील मजकूर मराठीत आणताना ज्या शब्दांनी मला सर्वांत अधिक वेळ थांबविले आहे, त्यांत हा शब्द आहे. मराठीत आपण ‘निर्वासित’ म्हणतो : वास सुटलेला, राहते घर गेलेला. हिंदीत ‘शरणार्थी’ म्हणतात : आश्रय मागणारा. गुजरातीत आणि कानडीत ‘निराश्रित’ चालतो, बंगालीत ‘उद्वास्तु’, म्हणजे वास्तूतून उखडलेला. तामिळातील ‘अगदि’ हा शब्द तर ज्याला गती उरली नाही असा. मराठी व बंगाली शब्द माणसाने काय गमावले ते सांगतात. हिंदी शब्द तो आपल्याकडे काय मागतो ते सांगतो. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या कित्येक पंजाबी कुटुंबांना हा ‘शरणार्थी’ शब्द बोचला, आणि ‘आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी’ असे ते अभिमानाने म्हणू लागले. त्यांचा राग मला रास्त वाटतो. ‘निर्वासित’ ह्या शब्दात निदान लाचारी नाही.

मराठीने आणखी एक गोष्ट केली आहे. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त असे ‘ग्रस्त’ लावून तिने आपत्तीगणिक माणसाचा वेगळा वर्ग पाडला आहे. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेला शेतकरी आंतरराष्ट्रीय व्याख्येत निर्वासित नाही, कारण त्याने सीमा ओलांडलेली नाही. अशांसाठी संयुक्त राष्ट्रांत १९९८ मध्ये काही मार्गदर्शक तत्त्वे मांडण्यात आली. सुदानचे मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग ह्यांचा त्यांत मोठा वाटा होता. मोठ्या विकासकामांनी हुसकलेल्यांचाही त्यांत उल्लेख आहे. पण ती तत्त्वे आहेत, करार नव्हे. देशांवर थेट बंधन नाही.

आणखी एक शब्द. करारातील तेहतिसावे कलम सांगते की, जेथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे निर्वासिताला परत पाठवू नये. त्यासाठी कायद्यात एक फ्रेंच शब्द रूढ आहे. ‘प्रत्यावर्तन-निषेध’ असे भाषांतर सुचविले गेल्यास मी ते खोडीन. ‘परत न लोटण्याचे तत्त्व’ एवढे पुरे आहे. दारावर आलेल्याला लोटणे म्हणजे काय, हे आपल्या कोणत्याही आजीला समजते.

आता आपल्या देशाविषयी. भारताने १९५१ च्या करारावर वा १९६७ च्या जोडकरारावर सही केलेली नाही. तरीही १९५९ पासून तिबेटी, १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेले सुमारे एक कोटी लोक, १९८३ पासून श्रीलंकेतील तमिळ, ह्या सर्वांना येथे आसरा मिळाला. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध १९४३ ते १९४८ पर्यंत राहिले. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात, तिबेट्यांची वसाहत आहे, आणि गडचिरोलीच्या चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली बोलणारी गावे आहेत. हा इतिहास अभिमानाचा आहे, ह्यात शंका नाही. परंतु उन्हाळी शाळेत भारतीय विद्यार्थ्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, ‘तुमच्या देशात हे कोणत्या कायद्याने घडले?’ आणि त्याचे उत्तर त्याला अवघड जाते. निर्वासितांसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. परदेशी माणसांसंबंधीचा १९४६ चा कायदा दीर्घकाळ सर्वांना सारखाच लागू होता. त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. पर्यटक, व्यापारी आणि जीव मुठीत धरून आलेला माणूस हे तिघेही त्या अर्थाने ‘परकीय’. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ ह्यांची व्यवस्था शासन स्वतः पाहते, तर अफगाणिस्तान वा म्यानमारमधून आलेल्यांची नोंद दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाकडे होत आली आहे. शेजारी राहणाऱ्या दोघांच्या हातांतले कागद म्हणूनच निराळे.

न्यायालयांनी ही पोकळी काही अंशी भरली. अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जीविताच्या व स्वातंत्र्याच्या संरक्षणाचे एकविसावे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. शशी थरूर ह्यांनी २०१५ मध्ये आश्रयाविषयीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते स्वतः तरुणपणी ह्याच उच्चायुक्तालयात नोकरीस होते आणि व्हिएतनाममधून नावांतून पळालेल्यांच्या काळात सिंगापूर येथील काम पाहत होते. विधेयकाचा कायदा झाला नाही. माझे मत विचाराल तर, औदार्य चांगलेच. पण ज्याच्यावर ते होते त्याला उद्याही ते मिळेल की नाही हे सांगता येत नसेल, तर त्याने मुलाचे नाव शाळेत कोणत्या भरवशावर घालावे?

हा अभ्यास करण्यासाठी ऑक्सफर्डलाच जावे लागते असे नाही. कलकत्त्यातील महानिर्बाण संशोधन गटाने २००३ पासून बळजबरीच्या स्थलांतरावर अभ्यासक्रम चालविला. त्यांनी तो उन्हाळ्यात ठेवला नाही, डिसेंबरात ठेवला. आणि बरोबरच केले. युरोपातील जुलै म्हणजे आपला आषाढ. त्या वेळी आपली महाविद्यालये नुकतीच उघडलेली असतात आणि विद्यार्थ्याला रजा मागत फिरावे लागते. कलकत्त्याच्या पद्धतीत आधी अडीच महिने घरी बसून वाचन व लेखन, आणि मग पंधरा दिवस प्रत्यक्ष एकत्र अभ्यास, अशी योजना होती. शहराची निवडही समर्पक. शियालदा स्थानकाच्या फलाटांवर वर्षानुवर्षे संसार मांडलेले त्या शहराने पाहिले आहेत. राणाघाटजवळच्या कूपर्स कॅम्पची हकिकत तेथील अभ्यासकांना पुस्तकातून वाचावी लागत नाही. फाळणीनंतर बंगालमधील काही छावण्यांना सरकारी दप्तरात जे नाव होते त्याचे मराठीत ‘कायमचे दायित्व’ असे भाषांतर होईल. कोणाच्या छावण्या त्या? विधवा, वृद्ध, अपंग आणि ज्यांच्या घरात कर्ता पुरुष उरला नव्हता अशा स्त्रियांच्या. बार्बराबाईंनी सुदानात जे पाहिले, त्याची एक आवृत्ती आपल्याच दप्तरात तीस वर्षे आधी लिहिली गेली होती.

ह्या शाळांविषयी तक्रारीही आहेत, आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. परदेशातील शुल्क, प्रवास व राहणे मिळून होणारा खर्च आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबाला न झेपणारा असतो. शिष्यवृत्त्या असतात, पण थोड्या. आणखी एक विपरीत गोष्ट. सीमा आणि प्रवेश-परवाने ह्यांचाच अभ्यास करावयास निघालेल्या आफ्रिकी वा आशियाई विद्यार्थ्याला कित्येकदा त्याच परवान्यासाठी अडविले जाते. प्रवेश मिळूनही व्हिसा न मिळाल्याने खुर्ची रिकामी राहणे, हे अशा शाळांना नवे नाही. ज्याच्यापाशी निर्वासिताचेच ओळखपत्र आहे त्याची अडचण तर विचारू नये.

ज्या घरात मुलाने वा मुलीने असा अभ्यास करावयाचे मनात आणले असेल त्यांनी थोडी आधीपासून तयारी करावी. कायदा, समाजशास्त्र, भूगोल, समाजकार्य, इतिहास ह्यांपैकी कोणत्याही विषयाचा पदवीधर चालतो. तरी अर्जात आपण हा विषय का निवडला ते स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते, आणि तेथे पाठ केलेली वाक्ये ओळखू येतात. जुलैतील शाळेसाठी हिवाळ्यातच अर्ज करणे बरे, कारण शिष्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी संपण्याचा संभव असतो. पारपत्र हाती नसेल तर त्यापासून सुरुवात करावी. शाळेचे निमंत्रणपत्र, खर्चाची सोय दाखविणारी कागदपत्रे आणि परत येणार असल्याचा पुरावा, म्हणजे महाविद्यालयाचे वा नोकरीच्या ठिकाणचे पत्र, ही जवळ असावीत. आणि निघण्यापूर्वी, शक्य असेल तर, आपल्याच गावात वा शेजारच्या तालुक्यात कोणी बाहेरून येऊन वसले असतील त्यांच्याकडे एक-दोन दुपारी जाऊन बसावे. उल्हासनगरात अजूनही अशी काही माणसे भेटतील, ज्यांनी लहानपणी कराचीच्या बंदरात बोटीवर पाय ठेवला होता. त्यांना शिधा किती मिळे हे विचारावेच, पण तो कोणी ठरविला आणि त्यांना तेव्हा खरोखर काय हवे होते, हेही विचारावे.